टायरवर नाव तुमचं, पण घडवला कुणी? माउंटन बाइकच्या टायर कंपन्यांना खुलं पत्र

माउंटन बाइकच्या टायरवर आपलं नाव उमटवणाऱ्या सर्व कंपन्यांना, आणि टायरवर कोणत्या खुणा असाव्यात हे ठरवणाऱ्या ईटीआरटीओ (युरोपची टायर-रिम मानक संस्था) व आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) यांच्या समित्यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, तुमच्यापैकी एका कंपनीकडून आलेलं दोन ओळींचं उत्तर. मी एवढंच विचारलं होतं की अमुक मॉडेलचा टायर कोणत्या कारखान्यात तयार होतो, आणि मागच्या वर्षीचा व यंदाचा टायर एकाच कारखान्यातला आहे का. ही माहिती व्यावसायिक गोपनीयतेत मोडते, असं कळवण्यात आलं. त्या कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण हा एका कंपनीचा हट्ट नाही, सगळ्या धंद्याची रीत आहे. टायर हातात घेऊन कितीही उलटसुलट पाहिला तरी तो कुठल्या कारखान्यातून निघाला हे त्यावर सापडत नाही.

मी माउंटन बाइक चालवतो आणि दुरुस्तही करतो. लोकांच्या रिमवर टायर चढवतो, बीड (रिममध्ये बसणारी टायरची कडा) बसवतो, छिद्रं बुजवणारं सीलंट घालतो, हवा भरून देतो. तीव्र उतारावर ओली मुळं आली की पुढचा टायर धरतो की निसटतो, यावर चालवणाऱ्याचा गळ्याजवळचं हाड शाबूत राहणं ठरतं. टायरला फुगवटा आला, साइडवॉलचे (टायरच्या बाजूच्या भिंतीचे) धागे सुटले, चालताना टायर डगमगू लागला, तर माणूस तुमच्या मुख्यालयात जात नाही, माझ्यासारख्याकडे येतो. तो विचारतो, ‘हा एकच टायर खराब निघाला, की हा सगळा माल असाच आहे?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागणारी माहिती तुमच्याकडे असते आणि माझ्याकडे नसते.

जे उघड आहे, ते आधी मांडतो. ताइवानच्या चांगहुआ परगण्यात जगातले दोन मोठे सायकल टायर उत्पादक एकमेकांपासून फार दूर नाहीत. १९६७ मध्ये सुरू झालेली चेंग शिन, जिचे टायर मॅक्सिस आणि सीएसटी या नावांनी विकले जातात. आणि १९६२ पासूनची केंडा. दोघीही स्वतःच्या नावाखेरीज इतरांसाठी टायर बनवत आल्या आहेत. ड्युरो हे नाव ह्वा फोंगचं. थायलंडमध्ये व्ही रबर आहे. इटालियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हिटोरियाचा स्वतःचा कारखानाही थायलंडमध्येच आहे. श्वाल्बे जर्मन आहे, पण बोले कुटुंबाच्या या कंपनीने १९७३ पासून कोरियाच्या हुंग-ए या कंपनीशी भागीदारी केली आणि तिचे टायर इंडोनेशिया व व्हिएतनाममध्ये तयार होतात. कॉन्टिनेन्टलचे ब्लॅकचिली रबराचे टायर जर्मनीतल्या कोरबाखमध्ये बनतात, आणि ते टायरवर अभिमानाने लिहिलेलं असतं. गुडइयर हे नाव २०१८ मध्ये सायकलच्या टायरवर परत आलं ते परवान्यावर: नाव गुडइयरचं, धंदा दुसऱ्या कंपनीचा, उत्पादन ताइवानमध्ये.

यात लाजण्यासारखं काहीही नाही. उलट चांगला टायर बनवण्याचं कसब आज बहुतांशी आशियातल्या या कारखान्यांत आहे. माउंटन बाइकचं पहिलं वेड कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात १९७० च्या दशकात लागलं, तेव्हा जुन्या श्विन सायकलींवर युनिरॉयलचे जाड टायर चढवून लोक डोंगर उतरत होते. पुढे धंदा वाढला तसं उत्पादन जपानला गेलं, १९८५ नंतर येन महागल्यावर सायकल उद्योगाचा मोठा हिस्सा ताइवानकडे वळला, आणि नंतर चीन, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया. इतिहास सरळ आहे. तो टायरवरच तेवढा लिहिलेला नाही.

आता एक गोष्ट मी स्वतःहून मान्य करतो, कारण तुमचा पहिला आक्षेप तोच असेल. एकाच कारखान्यातून निघालेले दोन टायर एकच असतात, असं मी म्हणत नाही. एका प्रेसमधून सकाळी उत्तम टायर निघू शकतो आणि दुपारी सुमार. टायर कसा बनतो हे पाहिलं की हे समजतं. रबर, काजळी किंवा सिलिका, तेल, गंधक आणि इतर रसायनं मिक्सरमध्ये मळली जातात. या मिश्रणाची कृती कधी ब्रँड देतो, कधी कारखान्याची स्वतःची असते. नायलॉनच्या धाग्यांच्या कापडावर रोलरखाली रबराचा पातळ थर चढतो, ते कापड तिरकं कापलं जातं, ड्रमवर दोन्ही बीडभोवती गुंडाळलं जातं, वर जमिनीला टेकणारी ट्रेडची पट्टी बसते. हा कच्चा टायर साच्यात जातो, आतून दाब, बाहेरून दीडशे अंशांच्या वर उष्णता, काही मिनिटं. बाहेर येतो तेव्हा त्यावर नॉब, म्हणजे जमीन धरणारे उंचवटे, असतात आणि तुमचं नाव असतं. नाव साच्यात कोरलेलं आहे. साचा बहुधा ब्रँडच्या मालकीचा, प्रेस कारखान्याचा, केसिंगचं, म्हणजे टायरच्या आतल्या सांगाड्याचं, कापड कधी कारखान्याच्या नेहमीच्या पुरवठादाराचं. म्हणजे टायर ही एकाची निर्मिती नसतेच. एकाच छापखान्यात दोन लेखकांची पुस्तकं छापली गेली म्हणून ती सारखी होत नाहीत. पण पुस्तकात लेखक आणि प्रकाशक यांच्याबरोबर मुद्रकाचंही नाव असतं, आणि त्याने लेखकाचा मान कमी होत नाही.

म्हणून ‘सगळे टायर एकाच ठिकाणी बनतात, नावाचे पैसे घेतात’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. त्यांना खोडून काढायला लागणारा पुरावाही तुम्हीच दडवून ठेवला आहे, ही माझी खंत आहे. तुम्ही बोलत नाही, म्हणून अफवा बोलतात. नॉबच्या रचनेवरून, पॅकेजिंगवरून, बीडच्या आतल्या कोपऱ्यातल्या एखाद्या अक्षरावरून लोक तर्क लढवतात, आणि त्या तर्कावर आपल्या सुरक्षिततेचे निर्णय घेतात.

माझी सगळ्यात मोठी तक्रार सुरक्षिततेची आहे, आणि तिच्यासाठी मला मोटारीच्या टायरकडे जावं लागतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर डीओटी (तिथला वाहतूक विभाग) या अक्षरांनंतर एक ओळखक्रमांक असतो. त्याची सुरुवातीची अक्षरं तो टायर कोणत्या कारखान्यात तयार झाला हे सांगतात. शेवटचे चार अंक, २००० पासून, आठवडा आणि वर्ष सांगतात. मुख्यालय किंवा ब्रँड नाही, थेट कारखाना. याचं महत्त्व काय, हे त्याच वर्षी दिसलं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातल्या वाइल्डरनेस एटी या मॉडेलचे फक्त इलिनॉय राज्यातल्या डेकेटर कारखान्यात तयार झालेले टायर त्या यादीत होते. गाडीचा मालक खाली वाकून साइडवॉलवर डेकेटरची व्हीडी ही अक्षरं शोधू शकत होता. तोच ब्रँड, तेच मॉडेल, पण कारखाना वेगळा म्हणून धोका वेगळा, आणि हे सामान्य माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत होतं.

माउंटन बाइकच्या टायरवर असं काही घडलं तर मी काय वाचू? ‘मेड इन ताइवान’? त्या एका परगण्यातच दोन बलाढ्य कारखाने आहेत. अमेरिकेचा सायकल सुरक्षा नियम टायरच्या साइडवॉलवर शिफारस केलेला दाब किमान ३.२ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत उमटवायला सांगतो. अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या या नियमाला कारखान्याचं नाव मात्र नको आहे. आयएसओ ५७७५ मुळे आम्हाला ६१-६२२ असा आकार वाचता येतो, रुंदी आणि रिमचा व्यास कळतो. ही मोठी सोय आहे, पूर्वीच्या इंचांच्या गोंधळातून तिने आम्हाला सोडवलं. पण आकारापुढे ती जात नाही.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असं कृपया सांगू नका. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणाऱ्या वेगवान ई-बाइकना युरोपात मोपेडसारखं धरलं जातं, म्हणून त्यांच्या टायरवर ईसीई-आर७५ या मोटरसायकल-मोपेड टायरच्या नियमाची मंजुरीखूण लागते. कायदा लागू झाल्याबरोबर तुमच्या साच्यांत ही खूण कोरली गेली. साचा तोच, कारखाना तोच, कामगार तेच. ताशी २५ किलोमीटरवर मदत थांबणाऱ्या ई-माउंटन बाइकला मात्र ही खूण लागत नाही, जरी ती बाइक जड असते आणि उतारावर तिचा वेग कुणी अडवत नाही.

दुसरी तक्रार कायद्यातल्या एका व्याख्येची आहे. युरोपियन युनियनचा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. त्यात उत्पादक म्हणजे जो स्वतः वस्तू बनवतो तो, आणि जो दुसऱ्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकतो तोही. जबाबदारी कुणावर टाकायची यासाठी ही व्याख्या चांगली आहे. तुमच्यावर टाकली ते योग्यच आहे. पण तिचा उपयोग पडदा म्हणून होऊ लागला, की ‘उत्पादक’ या शब्दाखाली तुमचा पत्ता छापला जातो आणि खरा घडवणारा कागदावरूनही पुसला जातो. त्याच नियमात मालावर बॅच किंवा अनुक्रमांक असावा असंही आहे. काही टायरवर असे आकडे दिसतातही. ते वाचायचे कसे, हे ग्राहकाला कुठेच सांगितलेलं नसतं.

तारखेचा प्रश्न याला लागूनच येतो. रबर पडून पडूनही म्हातारं होतं; ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत नेतात, आणि मऊ कंपाउंडचं (रबराच्या मिश्रणाचं) सगळं मोल त्याच्या मऊपणात असतं. महामारीच्या काळात सायकलींची मागणी उसळली, मग पडली, आणि गोदामं मालाने भरून राहिली. सवलतीत मिळणारा टायर या वर्षीचा आहे की त्या काळातला, हे मला आणि ग्राहकाला समजायला हवं.

तिसरी तक्रार आकड्यांच्या भाषेबद्दल. टीपीआय म्हणजे केसिंगच्या कापडात एका इंचात किती धागे. कॉन्टिनेन्टल ३/१८० असं लिहितं: तीन थर मिळून १८०, म्हणजे एका थरात ६०. हे वाचता येतं, म्हणून मला ते आवडतं. श्वाल्बे एका थराचा आकडा देतं, ६७. पण बाजारात असेही आकडे फिरतात ज्यांत थर मोजलेत की नाही हे कळत नाही, आणि मग एक जण १८० वाल्याला ६० वाल्याच्या तिप्पट चांगला समजून पैसे मोजतो. कडकपणाचंही तसंच. मॅक्सिसने ४२ ए, ६० ए असे शोअर-ए या कडकपणाच्या मापाचे आकडे वर्षानुवर्षं दिले, त्यामुळे आमची एक पिढी रबराविषयी बोलायला शिकली. आता बहुतेक ठिकाणी आकड्यांच्या जागी नावं आली आहेत. एका टायरमध्ये तीन कंपाउंड असतात तेव्हा एक आकडा पुरत नाही, हे मला समजतं. मऊपणा आणि रबराची उसळी या वेगळ्या गोष्टी आहेत हेही समजतं. पण म्हणून आकडाच काढून टाकायचा?

आणि हे सगळं ज्यामुळे जास्त टोचतं, ती गोष्ट: कारखाना बदलला तरी टायरचं नाव बदलत नाही. तेच मॉडेल, तेच नॉब, तेच अक्षरवळण. वापरणाऱ्याला फरक जाणवतो, तो मला सांगतो, मी तुम्हाला लिहितो, आणि ‘गुणवत्तेत बदल नाही’ असं उत्तर येतं. नसेलही बदल. ताडून पाहायला आमच्या हाती काही ठेवलेलं नाही.

कृती गुप्त असते, असं तुम्ही म्हणाल. कृती मी मागितलेलीच नाही. मोटारीच्या टायरवर कारखान्याची अक्षरं छापणाऱ्या कंपन्यांनी आपली रबराची कृती गमावलेली नाही. कारखान्याशी झालेला करार नाव सांगू देत नाही, असं म्हणाल, तर तो करार तुम्हा दोघांमधला आहे आणि तुम्ही दोघं मिळून तो बदलू शकता. ग्राहक स्वस्तातला जुळा टायर शोधेल अशी भीती असेल, तर तुमच्या टायरमध्ये वेगळं काय आहे ते समजावून सांगा. खरोखर वेगळं काही असेल तर मी स्वतः माझ्या ग्राहकांना ते सांगेन.

नाव सांगून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. रेने हर्स हा अमेरिकी ब्रँड आपले टायर जपानच्या पॅनारेसरकडे बनतात हे उघड सांगतो, आणि त्याचे चाहते ते अभिमानाने सांगतात. नायकेने २००५ मध्ये आपल्या कारखान्यांची यादी जाहीर केली; तयार कपड्यांच्या धंद्यात आज अशा याद्या नवलाच्या राहिलेल्या नाहीत. शर्ट कुठे शिवला हे सांगता येतं, तर ज्यावर माणसाचं हाड अवलंबून आहे तो टायर कुठे घडला हे का नाही?

युरोपियन युनियनच्या जंगलतोडविरोधी नियमात, म्हणजे २०२३ च्या १११५ क्रमांकाच्या नियमात, नैसर्गिक रबर आणि त्यापासून बनलेले नवे टायर धरलेले आहेत. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण मागणी स्पष्ट आहे: रबर ज्या जमिनीवर पिकलं तिचं भौगोलिक स्थान पुरवठा साखळीत नोंदवायचं. म्हणजे चीक कोणत्या मळ्यातल्या झाडातून आला हे तुम्हाला ठाऊक असावं लागणार आहे. तो चीक कोणत्या प्रेसमध्ये टायर झाला हे सांगायला त्यानंतर कोणती अडचण उरते?

शिवाय त्या प्रेसवर माणसं उभी असतात. उष्णतेत, रबराच्या वासात, सुरीने टायरच्या कडा साफ करत. त्यांच्या कामाच्या अटी काय आहेत हे विचारायचं तर आधी ते कुठे काम करतात हे माहीत हवं.

माझ्या मागण्या या आहेत. प्रत्येक टायरच्या साइडवॉलवर, साच्यातच, कारखान्याची खूण आणि उत्पादनाचा आठवडा व वर्ष असावं. आणि त्या खुणांचा अर्थ सांगणारी यादी सर्वांना मोफत, खुली असावी. कारखाना, केसिंग किंवा कंपाउंड बदललं तर त्याच मॉडेलच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा यावा. टीपीआय लिहिताना एका थराचा आकडा आणि थरांची संख्या वेगवेगळी लिहावी. ट्रेडच्या मधल्या आणि कडेच्या रबराचा शोअर-ए कडकपणा जाहीर करावा. परवान्यावर घेतलेल्या नावाखाली टायर विकत असाल तर परवानाधारक कोण हे वेष्टनावर ठळक लिहावं.

ईटीआरटीओ आणि आयएसओच्या समित्यांकडे वेगळी मागणी आहे. आकाराच्या खुणा तुम्ही एकमताने ठरवल्या आणि सगळं जग त्या पाळतं. पुढच्या सुधारणेत कारखान्याची आणि तारखेची खूण घाला. १९९९ मध्ये माव्हिक, मिशलाँ आणि हचिन्सन या तीन कंपन्या एकत्र बसल्या आणि ट्यूबलेस टायर व रिम एकमेकांत नीट बसावेत म्हणून यूएसटी ही पद्धत आणली. स्पर्धक एका मेजावर बसू शकतात हे या धंद्याने आधीच दाखवलेलं आहे.

सगळं एकदम जमणार नाही, हे कळतं. साचे महाग असतात आणि जुने साचे वर्षानुवर्षं चालतात. तोवर निदान कारखान्यांची यादी प्रसिद्ध करा आणि बॅचच्या आकड्यांचा अर्थ सांगा. त्यासाठी एकही साचा बदलावा लागत नाही. नवा साचा कोराल तेव्हा त्यात खूण घाला.

उत्तर मला खासगीत नको. ज्यांनी तुमचे टायर विकत घेतले आहेत त्या सगळ्यांना वाचता येईल असं जाहीर उत्तर द्यावं, आणि त्यात मॉडेलनिहाय कारखान्याचं नाव असावं, ही विनंती.

आपला,
माउंटन बाइक दुरुस्त करणारा एक कारागीर